सांगड : होडीची पिछाडी आणि बाहेर टांगलेले यंत्र

नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, पांडवलेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, उषवदाताचा प्रसिद्ध शिलालेख आहे. हा क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने दान दिलेल्या गाई, गावे आणि सोने यांची यादी इतिहासाचे विद्यार्थी पाठ करतात. पण त्याच यादीत मध्येच येणाऱ्या एका साध्या नोंदीपाशी फारसे कोणी थांबत नाही. इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने पुण्यार्थ नावा ठेवल्या, म्हणजे वाटसरूंना उताराचे पैसे न देता पैलतीर गाठण्याची सोय केली. दमणा म्हणजे दमणगंगा. ती नाशिक जिल्ह्यातल्या सह्याद्रीतच उगम पावते आणि पश्चिमेकडे उतरते. वाहत्या पाण्यातून माणसाला सुखरूप पलीकडे नेणे ही सत्तेची जबाबदारी आहे, ही समजूत या परिसरात किमान अठराशे वर्षे जुनी आहे.

त्या नावा कशा होत्या, हे लेख सांगत नाही. त्या हातांनी चालत, एवढे मात्र निश्चित. आज गोदावरीला पूर येतो तेव्हा त्याच कामासाठी फायबरची किंवा रबराची बोट पाण्यात उतरते आणि तिच्या पाठीमागे एक यंत्र टांगलेले असते. बचाव पथकांच्या बोलीत त्याला ‘ओबीएम’ म्हणतात, म्हणजे आउटबोर्ड मोटर. हा धागा त्या यंत्राचा नाही. ते ज्यावर टांगले जाते त्या हातभर फळीचा, त्या ब्रॅकेटचा आहे. इंजिनांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांना होडीशी जोडणाऱ्या सांध्यावर फारच थोडे.

मराठीत या सांध्यासाठी एक सुरेख शब्द पूर्वीपासून आहे, पण तो शब्द कोठून आला हे बहुतेकांच्या विस्मरणात गेले. तो शब्द म्हणजे सांगड. दोन डोणी एकमेकींना बांधून, किंवा वाळलेले भोपळे एकत्र गुंफून, नदी उतरण्यासाठी जे तरते साधन करत त्याचे नाव सांगड. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. दख्खनच्या नद्या पावसाळ्यात दुथडी भरतात आणि उन्हाळ्यात गुडघाभरही उरत नाहीत. अशा नद्यांवर बारमाही नौकानयन वाढणे कठीणच होते. त्यामुळे इथे कामापुरती साधने जन्माला आली : सांगड, डोण, आणि कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात तर चक्क गूळ शिजवण्याची काहील. काहिलीला पुढे-मागे काही नसते. तिला यंत्र कुठे लावणार?

हा प्रश्न थट्टेचा वाटेल, पण पुढची सारी कथा त्याच्यावरच उभी आहे.

आउटबोर्ड इंजिनाला होडीच्या पाठीमागे उभी, सपाट, भक्कम फळी लागते. इंग्रजीत तिला ट्रान्सम म्हणतात. भारतीय किनाऱ्यावरच्या लहान होड्यांपैकी कित्येकींना अशी फळीच नव्हती. त्या दोन्ही टोकांना निमुळत्या असत. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात रंगवलेले तीन डोलकाठ्यांचे जहाज आठवावे. त्याची दोन्ही टोके वर उचललेली आणि वळलेली आहेत, आणि मागे सुकाणूची वल्ही पाण्यात सोडलेली आहेत. पोर्तुगीज येण्यापूर्वी हिंदी महासागरातल्या बहुतेक नौका अशाच दोन्हीकडून निमुळत्या होत्या. बगला, गंजा आणि कोटिया यांसारख्या मोठ्या जहाजांची रुंद, सपाट पिछाडी युरोपीय जहाजांच्या अनुकरणातून आली, असे नौकाइतिहासाचे बहुतेक अभ्यासक मानतात. मोठ्या व्यापारी जहाजाला या बदलाचा लाभ होता, कारण सपाट पिछाडीत कप्तानासाठी खोली करता येते. लहान होडीने मात्र तो बदल स्वीकारला नाही, आणि त्यामागे शहाणपण होते. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांतून होडी वाळूवर आणताना लाट पाठीमागून येते. निमुळती पिछाडी तिला दुभंगते; सपाट पिछाडीवर ती थाडकन आदळते आणि होडी आडवी करते. शिवाय एका खोडातून कोरलेल्या होडीला दोन्ही टोके निमुळती ठेवणेच सोयीचे.

म्हणजे पिछाडीचा आकार हा सौंदर्याचा प्रश्न नव्हता. तो समुद्राने घालून दिलेला नियम होता.

आता थोडा वेळ पॅरिसकडे वळू. १८८१ मध्ये गुस्ताव ट्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने सीन नदीत एक छोटी होडी विजेवर चालवली. त्याची युक्ती अशी की मोटर त्याने होडीच्या पोटात न ठेवता सुकाणूच्याच माथ्यावर बसवली आणि साखळीने खालचा पंखा फिरवला. सुकाणू उचलून घेतले की यंत्रही उचलले जाई. होडी जशीच्या तशी राहायची. पुढे अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याने पेट्रोलवर चालणारे, होडीला बाहेरून लावायचे यंत्र केले आणि १९०७ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पण घराघरांत नाव पोहोचले ते ओले एव्हिन्रूड याचे. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये वाढलेला हा कारागीर. १९०९ मध्ये त्याने विक्रीला आणलेले यंत्र दीड अश्वशक्तीचे आणि सुमारे २८ किलो वजनाचे होते. धंद्याची आणि जाहिरातींची बाजू त्याची पत्नी बेस हिने सांभाळली. तिच्याशिवाय हे यंत्र मिलवॉकीबाहेर किती पोहोचले असते, याची शंकाच आहे.

एव्हिन्रूडची मांडणी आजतागायत टिकली आहे : वर इंजिन, खाली उभा दांडा, तळाशी दातेरी चाकांनी काटकोनात वळवलेली गती, आणि पंखा. पण त्याची खरी करामत आणखी साधी होती. दोन स्क्रूंचा एक शिकंजा. तो होडीच्या मागच्या फळीवर आवळला की कोणतीही होडी यांत्रिक होते, आणि सोडवला की पुन्हा वल्ह्यांची. इंजिने त्याच्या आधीही होती. टांगण्याची ही सोपी रीत मात्र त्याने रूढ केली. यातली गंमत अशी की त्याच्या जन्मभूमीतली पारंपरिक छोटी होडीही दोन्ही टोकांना निमुळतीच असते. म्हणजे त्याचे यंत्र त्याच्याच पूर्वजांच्या होडीला सरळ बसले नसते.

स्वतंत्र भारतात यंत्र आणि होडी यांची गाठ पडली तीही नॉर्वेमार्फतच. ऑक्टोबर १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रे यांच्यात करार झाला आणि केरळात क्विलॉनजवळच्या नींदकरा परिसरात भारत-नॉर्वे मत्स्य प्रकल्प उभा राहिला. आरंभीचा विचार स्थानिक होड्यांनाच इंजिने बसवण्याचा होता. तो लवकरच सोडून द्यावा लागला, कारण कोरीव होडीचे अंग इंजिनाचा भार आणि हादरा पेलण्यासाठी घडलेलेच नव्हते. मग प्रकल्पाने नव्या आराखड्याच्या नौका बांधल्या. पुढे त्या कोळंबीमागे लागलेल्या ट्रॉलर झाल्या आणि जुन्या होडीचा मालक किनाऱ्यावरून त्यांच्याकडे पाहत राहिला. विकासाच्या इतिहासात या प्रकल्पाचे मूल्यमापन नाना परींनी झाले आहे. इथे एवढेच नोंदवावे, की होडी आणि यंत्र यांचा सांधा जुळला नाही तेव्हा बदलली गेली ती होडी, आणि होडीबरोबर तिचा मालकही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर याची दोन रूपे दिसतात. उत्तर कोकणात, सातपाटी-वसई-वर्सोव्याकडे, फळ्यांनी बांधलेल्या मोठ्या आणि दणकट नौका होत्या. त्यांच्या पोटात डिझेल इंजिन बसू शकले आणि तिथले यांत्रिकीकरण लवकर झाले. दक्षिणेला सिंधुदुर्ग आणि गोव्याकडे अरुंद होडी होती आणि तिच्या एका अंगाला तोल सांभाळणारी उलांडी. या होडीच्या पोटात इंजिनाला जागा नाही, आणि पाठीमागे फळी नाही. तिला यांत्रिक व्हायचे तर इंजिन बाहेरच टांगावे लागणार, आणि टांगायला आधी काहीतरी घडवावे लागणार.

निमुळत्या होडीसाठी कारागिरांपुढे तीन वाटा असतात. पहिली, होडीच्या दोन्ही काठांवर आडवे जाड लाकूड बांधून त्याचे टोक पाण्यावर काढायचे आणि त्या टोकाला उभी फळी ठोकायची. इंजिन होडीच्या कुशीला लटकते. होडीला धक्का लागत नाही, पण रेटा मध्यरेषेपासून बाजूला पडतो आणि होडी सतत एका अंगाला वळू पाहते. सुकाणूवरच्या माणसाला दिवसभर तिच्याशी झुंजावे लागते. दुसरी वाट म्हणजे पिछाडीजवळ तळाला भोक पाडून भोवती विहिरीसारखी पेटी बांधायची आणि इंजिन तिच्यातून खाली सोडायचे. रेटा मधोमध येतो, मात्र तळ कापावा लागतो. तिसरी सर्वांत सरळ आणि सर्वांत क्रूर : पिछाडीचे टोक करवतीने कापून तिथे सपाट फळी बसवायची. इंजिन खूश होते. लाट मात्र बदललेली नसते.

या वाटा किनाऱ्यावरच्या गरजेतून निघाल्या, आणि गरज तीव्र होती. १९७० च्या दशकात ट्रॉलर आणि पर्ससीन जाळी किनाऱ्याजवळ आल्यावर गोव्यात रापणकारांचे आंदोलन उभे राहिले. मथानी साल्ढाणा हे त्याचे एक प्रमुख नेते होते. गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा. किनाऱ्यालगतचे पाणी लहान मच्छीमारांसाठी राखण्याची कल्पना या कायद्यांत आली. पण कायदा येईतो आणि आल्यावरही मासळी दूर सरकत होती, आणि वल्ह्यांनी तिथवर जाऊन अंधार पडण्यापूर्वी परतणे अशक्य होत चालले होते. केरळात १९८० नंतर आउटबोर्ड यंत्रांचा जो झपाट्याने प्रसार झाला त्यामागेही हेच कारण होते. रापण ओढणाऱ्यांनी यंत्राविरुद्ध बंड केले आणि मग स्वतःच यंत्र घेतले, असे कोणी उपहासाने म्हणतात. तो उपहास अन्यायाचा आहे. त्यांचा विरोध समुद्र खरवडणाऱ्या पद्धतीला होता, यंत्राला नव्हता.

सरकारी दप्तरानेही या सांध्याची दखल घेतली. सागरी मत्स्यगणनेत नौकांचे तीन वर्ग असतात : आत कायमचे इंजिन असलेल्या यांत्रिक, बाहेरून मोटर लावलेल्या, आणि बिगरयांत्रिक. एका माणसाची तीच होडी, तीच जाळी. पण पाठीमागे एक ब्रॅकेट आले की नोंदवहीतला रकाना बदलतो.

आउटबोर्डची एक मोठी अडचण इंधनाची होती. यंत्र पेट्रोलवर सुरू करायचे आणि पुढे रॉकेलवर चालवायचे, ही किनाऱ्यावरची सर्रास रीत. त्यामुळे मच्छीमाराचे पोट रॉकेलच्या कोट्याला बांधले गेले. १९७९ मध्ये मद्रासला मुख्यालय ठेवून सुरू झालेल्या ‘बे ऑफ बेंगाल प्रोग्राम’ने यावर निराळा उपाय शोधला. फायबरची नवी होडी आणि तिच्या आत, पंख्यासह वर उचलता येणाऱ्या पेटीत बसवलेले छोटे डिझेल इंजिन. वाळूवर येताना पेटी उचलायची, पंखा सुरक्षित. कोरोमंडल किनाऱ्यावर शेवटी फोफावले ते थायलंडच्या धर्तीचे लांब शेपटीचे यंत्र : हलके डिझेल इंजिन, त्याला सरळ लांब दांडा, टोकाला पंखा, आणि सगळे एका फिरत्या खुंटीवर तोललेले. त्यासाठी वापरली गेलेली ग्रीव्ह्जची इंजिने तीनचाकी टेम्पोंतूनही धावतात आणि कंपनीचे हलक्या इंजिनांचे कारखाने औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, गोदावरीच्याच खोऱ्यात आहेत. समुद्र पाहायचा तर तिथून एक रात्र प्रवास करावा लागतो.

दरम्यान होडीचे अंगही बदलले. काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांची होडी अमेरिकेत रे ग्रीन याने १९४२ मध्ये केली. फायबरची होडी साच्यात जन्मते. साचा करतानाच पाठीमागे सपाट फळी द्यायची की नाही हे ठरते, आणि एकदा ठरले की त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक होडीला ते लागू होते. लाकडाच्या होडीत प्रत्येक सुतार आपल्या किनाऱ्याप्रमाणे थोडा फेरफार करी. साच्याने ते बंद केले. सपाट पिछाडी आता नियम झाली, निमुळती अपवाद.

तरीही ब्रॅकेटचा प्रश्न सुटत नाही. अनेक लहान फायबर होड्यांची मागची फळी इंजिनाच्या हिशेबाने बुटकी, उंच किंवा पातळ असते. इंजिने साधारणतः दोन मापांची : आखूड पायाच्या यंत्राला सुमारे १५ इंच उंचीची फळी लागते, लांब पायाच्या यंत्राला २० इंच. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती होडीच्या तळाशी समपातळीत किंवा किंचित खाली यावी. ती वर राहिली तर पंखा पाण्याऐवजी हवा ओढतो आणि इंजिन नुसते किंचाळते. फार खाली गेली तर ओढ वाढते आणि इंजिन पाण्यात बुडू लागते. ब्रॅकेटमुळे इंजिन जितके मागे जाईल तितके ते थोडे वरही घ्यावे लागते, कारण तळ सोडून गेलेले पाणी मागे उसळून वर येते; फूटभर मागे गेल्यास सुमारे इंचभर, हा कारागिरांचा अंदाज.

खरी परीक्षा बळांची. इंजिन मागे लटकते म्हणून त्याचे वजन ब्रॅकेटचा वरचा भाग फळीपासून उपटू पाहते. पंखा खाली असतो आणि होडीला पुढे रेटतो, म्हणून तोही खालचा भाग फळीत दाबतो आणि वरचा मागे ओढतो. दोन्ही बळे एकाच दिशेने काम करतात. लाटेवरून होडी आपटली की वजन क्षणभर कितीतरी पटींनी वाढते. म्हणून वरच्या बोल्टांवर सर्वाधिक ताण येतो. त्यांच्यासाठी फळीच्या आतल्या बाजूला नुसता वायसर पुरत नाही, रुंद पाठपट्टी लागते, म्हणजे ओढ एका छिद्रावर न पडता सगळ्या फळीवर पसरते. ब्रॅकेटची खालची कड तळाजवळच्या मजबूत भागावर टेकलेली हवी. अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटला स्टेनलेस स्टीलचे बोल्ट लावताना मध्ये प्लास्टिकची चकती न घातल्यास खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम झिजते. गोड्या पाण्यात ही झीज संथ होते, थांबत नाही.

आणि मग सर्वांत फसवी गोष्ट. फायबरच्या मागच्या फळीत बहुधा प्लायवूडचा गाभा असतो आणि त्यावर दोन्हीकडून मॅट आणि रेझिनचे थर. बोल्टसाठी भोक पाडले की हा गाभा उघडा पडतो. भोकाच्या भिंती रेझिनने बंद केल्या नाहीत तर पाणी आत झिरपते, आणि दोन-चार पावसाळ्यांत बाहेरून चकचकीत असलेली फळी आतून भुसभुशीत होते. जाणकार कारागीर म्हणून आधी मोठे भोक पाडतो, ते रेझिनने भरतो, सुकू देतो आणि मग त्या भरावातून बोल्टाचे भोक काढतो. या कामात एक जास्तीचा दिवस जातो. स्वस्तात बसवलेल्या ब्रॅकेटमध्ये नेमका हाच दिवस वाचवलेला असतो.

आता पुन्हा गोदावरीकडे. नाशिकचा पूर मोजण्याच्या खुणा लोकांनी ठरवलेल्या आहेत : दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी आले, आणि नारोशंकराच्या घंटेला लागले का. १७४७ मध्ये बांधलेल्या नारोशंकर मंदिराची ही पोर्तुगीज घंटा १७३९ च्या वसई मोहिमेतली मानली जाते. सपाट पिछाडीची जहाजे घेऊन आलेल्यांची घंटा आज घाटावर पुराची पातळी दाखवते. १९६९ चा महापूर जुन्या पिढीच्या आठवणीत होता. नंतर २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांनी नव्या पिढीलाही तो दाखवला. याच काळात, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले आणि ओबीएम हा शब्द समुद्रापासून दूरच्या तालुक्यांतही बोलला जाऊ लागला.

पुराची नदी ही समुद्राहून वेगळी परीक्षा घेते. तिच्यात लाटा कमी, पण पाण्याखाली पायऱ्या, कठडे, मंदिरांचे चौथरे. वरून वाहत येतात झाडांच्या फांद्या, कापड, तारा आणि पाणवेलींचे ताटवे. पंख्यात पाणवेल गुंडाळली गेली की यंत्र बंद पडते, आणि प्रवाहात यंत्र बंद पडलेली भरलेली बोट ही बचावाची नव्हे, संकटाची गोष्ट होते. म्हणून इंजिन क्षणात वर उचलता आले पाहिजे, आणि त्या उचलण्याला अडवणारे ब्रॅकेट चुकीचे. पंखा दगडावर आपटला तर एक छोटी पिन तुटून दातेरी चाके वाचवते. मात्र तो धक्का आधी ब्रॅकेटमधूनच होडीत जातो. शिकंजा ढिला झाला तर इंजिन पाण्यात जाऊ नये म्हणून त्याला साखळी लावलेली हवी, आणि साखळीचे दुसरे टोक ब्रॅकेटला नव्हे, होडीच्या अंगाला. चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली दोरीही तितकीच महत्त्वाची : तो पाण्यात पडला की ती खेचली जाऊन इंजिन थांबते, आणि फिरता पंखा त्याच्यावर येत नाही.

बोट वर्षातले अकरा महिने गोदामात असते. तिचे इंजिन अधूनमधून सुरू करून पाहिले जाते, कारण ते महाग असते. मागच्या फळीकडे कोणी पाहत नाही. मृग लागण्यापूर्वी तिथे करायचे काम अर्ध्या तासाचे आहे. बोल्ट एकेक करून आवळायचे, पाठपट्टीभोवती ओल दिसते का ते पाहायचे, आणि लहान हातोडीने फळीवर टोकापासून टोकापर्यंत ठोकत जायचे. घट्ट गाभ्यावर आवाज टणक येतो. बोल्टांच्या आसपास तो बद येऊ लागला, तर त्या बोटीला त्या पावसाळ्यात काठावरच ठेवावे.